ड्रायसूटच्या (अंग कोरडं ठेवणाऱ्या डायव्हिंगच्या सूटच्या) डाव्या बाहीत पाणी शिरतं, दुकानदार म्हणतो झिप बदला. बदलू का?

थांबा. पैसे देऊ नका. मी दिलेत.

तुम्ही लिहिलंय की बाही खांद्यापासून कोपरापर्यंत ओली निघते आणि मनगट कोरडं असतं. माझंही अगदी हेच होतं.

आम्ही लेस्टरला राहतो. डायव्हिंग बहुतेक स्टोनी कोव्हला, म्हणजे पाणी भरलेल्या जुन्या दगडखाणीत. माझा सूट ट्रायलॅमिनेटचा, म्हणजे तीन थरांच्या कापडाचा, पितळी झिप पाठीवर, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. अशी झिप आपली आपल्याला लावता येत नाही, ती नवरा लावतो. त्यामुळे भांडणाची सोय कायमची झालेली. सूट गळला की मी म्हणणार, तू शेवटचा सेंटिमीटर ओढत नाहीस. तो म्हणणार, तू झिपेला मेण लावत नाहीस.

लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर गेलो, तिथल्या स्कापा फ्लो या खाडीत डायव्हिंगला. २१ जून १९१९ रोजी तिथे अडकवून ठेवलेल्या जर्मन आरमाराने आपलीच जहाजं बुडवली. बहुतेक नंतर वर काढून भंगारात गेली, पण तीन युद्धनौका आणि चार क्रूझर अजून तळाशी आहेत. त्यातली ‘ड्रेस्डेन’ मला कित्येक वर्षं बघायची होती. उतरताना दहाएक मीटरवरच डाव्या खांद्याला गार लागलं. मग ते गार हळूहळू दंडावरून कोपराकडे सरकत गेलं. बाहेर पाणी १० अंशांच्या आसपास. एवढं मोठं जहाज कुशीवर पडलेलं समोर होतं, आणि मला आज आठवतं काय, तर आत भिजत चाललेलं आईच्या हातचं जांभळं स्वेटर. साताऱ्याहून विणून पाठवलं होतं तिने, ‘थंड पाण्यात जातेस ना’ म्हणून. वीस मिनिटांत वर आले.

बोटीवर मी सूट काढायच्या आधीच नवऱ्याने निकाल दिला, झिप गेली. आणखी दोघांनी माना डोलावल्या. एक जण म्हणाला, घाम असेल. घाम काय एकाच बाहीत येतो?

घरी येऊन झिप बदलून घेतली. दोनशे पौंड आणि पाच आठवडे. पहिल्याच डाइव्हला डावी बाही ओली.

मग एका रविवारी सूट दिवाणखान्यात पसरला. मनगटांच्या सीलमध्ये, म्हणजे पाणी अडवणाऱ्या घट्ट रबरी कडांमध्ये, शॅम्पूच्या बाटल्या, गळ्यात मुलाचा छोटा फुटबॉल. झिप लावली, सिलिंडरची होज जोडून सूट टम्म फुगवला. डंप व्हॉल्व्ह आधी पूर्ण बंद करा, नाहीतर तो हवा सोडणारच, त्याचं कामच ते. मग भांडी घासायच्या साबणाचं पाणी ब्रशने सगळीकडे लावत गेले. झिपेवर एक बुडबुडा नाही. डाव्या दंडावरच्या डंप व्हॉल्व्हच्या कडेला मात्र फेसाची बारीक माळ. व्हॉल्व्ह फिरवून काढला, तर आतल्या पातळ पडद्याखाली जांभळ्या लोकरीचा धागा. नखाएवढासुद्धा नाही. उतरताना सूट अंगाला आवळला जातो, तेव्हा तेवढ्या फटीतून पाणी आत येत होतं.

धागा नेऊन नवऱ्यासमोर ठेवला. तो म्हणाला, ‘म्हणजे स्वेटर तुझंच ना?’

असो. तर आधी व्हॉल्व्ह बघा. काढून गोड्या पाण्यात धुवा, बटण दाबत धुवा, आणि आत लोकर घालूच नका (आईला सांगितलेलं नाही). झिपेला मेण बाहेरच्या बाजूने, दात बंद असताना. हे पितळीचं झालं. प्लॅस्टिकच्या झिपेला तिच्यासोबत येतं तेच ग्रीस आणि तेही फक्त टोकाला, जिथे ती बंद होऊन बसते. लॅटेक्सच्या सीलला बिनवासाची टाल्कम. खोबरेल आणि व्हॅसलीन लॅटेक्सचा जीव घेतात, तेव्हा शनिवारी रात्री डोक्याला तेल चोपडून रविवारी गळ्याच्या सीलमधून डोकं घालू नका. सील चिकट लागायला लागलं की ते गेलंच, पावडरीने परत येत नाही. सूट वाळवायचा तो सावलीत.

एक राहिलं. तुमची झिप समोरून तिरकी असेल तर ती बहुधा डाव्या खांद्यापासूनच सुरू होते, आणि मग दुकानदार बरोबरही असू शकतो. साबणाचं पाणी लावल्याशिवाय कळणार नाही. शिवाय हेही कबूल करते की स्टोनी कोव्हला एकदा माझी अख्खी पाठ भिजली होती, तेव्हा झिपेचा शेवटचा सेंटिमीटर खरंच उघडा होता. म्हणून पाठीवरची झिप कोणाकडून लावून घेत असाल तर पाण्यात उतरण्याआधी तिच्या टोकाचा फोटो काढायला सांगा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आमच्याकडे आता दर वेळी काढतात.