तो माफीचा मेसेज तुम्ही टाइप करायला नको होता

नमस्कार दादा,

पत्र दोनदा वाचलं. मुलीला बारावी आर्ट्सला ८१ टक्के, तिला लॉ करायचंय आणि तुम्हाला ती बँकेच्या परीक्षांना बसायला हवी. त्याचं बघू नंतर. मी अडकले ते मधल्या चार ओळींपाशी. कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत ती वादग्रस्त पक्षांना सभा आणि टीव्हीवर वेळ मिळाला पाहिजे या बाजूने बोलली, उदाहरण अमेरिकेतल्या नाझी पक्षाचं दिलं, कुणीतरी अर्ध्या मिनिटाची क्लिप भावकीच्या ग्रुपवर टाकली आणि तुमच्या थोरल्या भावाने विचारलं, पोरगी हिटलरची झाली का? मग रात्री तुम्ही स्वतः माफी टाइप केलीत आणि तिला कॉपी करून ग्रुपवर टाकायला लावलीत. 'चूक झाली, पुन्हा असं बोलणार नाही.' तेव्हापासून ती ताट घेऊन खोलीत जाते, हेही तुम्हीच लिहिलंय, वर दोष मोबाइलला देताय. मोबाइलचं काही नाही हो दादा. तिचा बाप लोकांपुढे तिच्या बाजूने उभा राहिला नाही, ते तिला लागलंय.

तुम्ही पाठवलेलं पूर्ण भाषण मी वाचलं, तुम्ही वाचलंत का? तिने सांगितलेली गोष्ट खरी आहे. १९७७ मध्ये शिकागोजवळच्या स्कोकी गावात त्या नाझी पक्षाला मोर्चा काढायचा होता. गावात ज्यू वस्ती मोठी, त्यात छळछावण्यांतून वाचलेले कितीतरी. गावाने मोर्चा अडवायला साडेतीन लाख डॉलरच्या विम्यासारख्या अटी घातल्या आणि पक्षाच्या हक्कासाठी कोर्टात उभा राहिला तो डेव्हिड गोल्डबर्गर, स्वतः ज्यू. त्याची संघटना एसीएलयू, म्हणजे नागरी हक्कांसाठी कोर्टात लढणारी अमेरिकन संस्था, तिचा प्रमुख आर्येह नायर तर बर्लिनमध्ये जन्मलेला आणि लहानपणी नाझींपासून पळून आलेला. हजारो सदस्य संघटना सोडून गेले पण त्यांनी केस सोडली नाही. ही माणसं हिटलरची होती का?

तुमचा मोठा गैरसमज इथेच आहे, वकील ज्याची केस घेतो त्याच्यातलाच होतो. असं नसतं. वकिलांसाठी नियम करणाऱ्या बार कौन्सिलचा नियमच आहे की योग्य फी मिळत असेल तर वकिलाने आपल्या कोर्टातली केस घ्यायची, नाही म्हणायला खास कारण लागतं, आणि 'अमक्याची केस कुणी घ्यायची नाही' असे बार असोसिएशनचे ठराव सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये बेकायदा ठरवलेत. ज्याचं तोंड बघवत नाही त्याचाही हक्क मांडता येणं हेच या धंद्यातलं कौशल्य आणि तुमच्या मुलीत ते आत्ताच दिसतंय.

एका ठिकाणी मात्र तिचं चुकलं, तिला सांगा. प्रत्येक चॅनेलने प्रत्येक पक्षाला सारखा वेळ द्यायलाच पाहिजे असं घटना म्हणत नाही, अभिव्यक्ती स्वातंत्र्याचं कलम सरकारचा हात अडवतं, खासगी चॅनेलने कुणाला बोलवायचं ते त्यांचं ते ठरवतात. दूरदर्शन-आकाशवाणीचं वेगळं. तिथे निवडणुकीत मान्यताप्राप्त पक्षांना फुकट वेळ मिळतो पण भाषण आधी तपासतात, आणि २०२४ मध्ये माकपच्या सीताराम येचुरींना 'जातीयवादी हुकूमशाही राजवट' असे शब्द काढायला सांगितले होते. त्यांचं राजकारण पटो न पटो, तिने पुढचं भाषण यावर करावं.

प्रवेशाचं म्हणाल तर पाच वर्षांच्या लॉला एमएच सीईटी, बहुतेक नॅशनल लॉ युनिव्हर्सिट्यांना क्लॅट, दोन्ही फॉर्म वेळेत भरा.

पण त्याआधी तिचं पूर्ण भाषण त्याच ग्रुपवर टाका, तुमच्या नंबरवरून, आणि खाली लिहा की माफी मी लिहिली होती, तिने नाही. भाऊ रागावतील, रागावू देत.