आयसीयूतील डॉक्टर मोबाइलवर एआयला विचारून उपचार ठरवतात का?

लातूरला आपले वडील अतिदक्षता विभागात असताना रात्रपाळीचे निवासी डॉक्टर मोबाइलवर एआयला काहीतरी विचारताना आपल्याला दिसले. उपचार त्यावरून ठरतात का आणि ते वापरायचे शिक्षण डॉक्टरांना कोणी देते का, असे आपण विचारले आहे. मी मराठवाड्यातच बारा वर्षांपासून अतिदक्षता विभागात काम करतो, तेव्हा जे रोज पाहतो त्यावरून सांगतो.

होय, डॉक्टर विचारतात. चॅटजीपीटी 30 नोव्हेंबर 2022 रोजी आले आणि पुढे आमच्या ड्यूटी रूममध्येही पोहोचले. डिस्चार्ज समरीचा मसुदा करणे, लांबलचक शोधनिबंधाचा गोषवारा काढणे, नातेवाइकांसाठी मराठीत माहिती लिहिणे ही कामे त्याच्याकडून करून घेतली जातात, पण तीही तपासावी लागतात. व्हेंटिलेटरचा आधार हळूहळू कमी करण्याला आम्ही ‘वीनिंग’ म्हणतो; बाळाचे दूध तोडण्यालाही इंग्रजीत हाच शब्द आहे. एआयच्या या यंत्राने एकदा त्याचे मराठी ‘दूध तोडणे’ असे केले होते. तो कागद रुग्णाच्या पत्नीच्या हाती जाण्याआधी आमच्या सिस्टरांनी वाचला म्हणून बरे झाले.

उपचाराची गोष्ट याहून गंभीर आहे. खरिपात एका रात्री दिवसभर फवारणी करून आलेल्या तरुण शेतकऱ्याला आमच्याकडे आणले. औषधाचे नाव नातेवाइकांना अर्धवट आठवत होते. निवासी डॉक्टरांनी ते टाइप केले, तेव्हा हे पायरेथ्रॉइड गटातले कीटकनाशक असल्याचे यंत्राने ठामपणे सांगितले. प्रत्यक्षात रुग्णाच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या, तोंडाला फेस होता, सदरा घामाने चिंब होता आणि छातीला स्टेथोस्कोप लावताच बुडबुड ऐकू येत होती. हे चित्र ऑर्गनोफॉस्फरस या कीटकनाशकांच्या वेगळ्याच गटाच्या विषबाधेचे असते. आम्ही त्यावरचा उतारा, अॅट्रोपिन, सुरू केला आणि छाती मोकळी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करत गेलो. सकाळी त्याच्या भावाने शेतातून बाटली आणली, तिच्यावर मोनोक्रोटोफॉस लिहिलेले होते, म्हणजे ऑर्गनोफॉस्फरसच.

हे यंत्र आधीच्या शब्दांवरून पुढचे शब्द जुळवत उत्तर तयार करते. त्यामुळे अर्धवट नावावरूनही ते अस्खलित उत्तर देते, आणि रात्री दोन वाजता थकलेल्या डॉक्टरला अस्खलित उत्तर खरे वाटू लागते. ‘हा डेंग्यूच असेल ना?’ असे विचारले तर ते बहुधा हो म्हणते.

शिक्षणाचे म्हणाल तर माझ्या अभ्यासक्रमात हा विषय नव्हता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2023 मध्ये आरोग्यक्षेत्रातील एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत आणि ती वाचायलाच हवीत, पण खाटेपाशी लागणारी सवय वाचून अंगवळणी पडत नाही. म्हणून आम्ही शनिवारी दुपारी तासभर बसतो. जुन्या केसची माहिती घेऊन निवासी डॉक्टर आधी आपले निदान कागदावर लिहितात, मग यंत्राला विचारतात आणि दोन्ही उत्तरे पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहतात. ड्रिपचा एकही आकडा मोबाइलवरून घ्यायचा नाही, हा आमचा पक्का नियम आहे. रक्तदाब टिकवणाऱ्या नॉरअॅड्रेनालिनचेच पाहा: 50 मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये औषधाच्या एका अँप्यूलऐवजी (छोट्या काचेच्या कुपीऐवजी) दोन घातल्या असतील तर पंपावरचा तोच आकडा दुप्पट औषध देतो, आणि आमच्या सिरिंजमध्ये किती अँप्यूल आहेत हे यंत्राला ठाऊक नसते.

आणखी एक काळजी मला सतत वाटते. चार्टचा फोटो जसाच्या तसा अॅपवर टाकणे हा रुग्णाच्या विश्वासाचा भंग आहे. नाव झाकले तरी वय, गाव आणि आजार एवढ्यावरून आपल्याकडच्या तालुक्यात माणूस सहज ओळखू येतो.

आपल्याला दिसलेले डॉक्टर नेमके काय विचारत होते, हे मला इथून सांगता येणार नाही. मात्र आपण त्यांना थेट विचारू शकता, त्यात कोणताही अपमान नाही. वडिलांचे औषध कोणत्या तपासणीवरून ठरले आणि वरिष्ठांनी ते केव्हा पाहिले, हे दोन प्रश्न विचारा. सकाळच्या राउंडनंतर विचारलेत तर निवांत बोलणे होईल, कारण तेव्हा वरिष्ठ डॉक्टरही तिथेच असतात.