आहेराऐवजी ‘त्सदाका’ : मराठीत काय लिहावं?

प्रश्न ठाण्याहून आला आहे. विचारणाऱ्या ताईंच्या शेजारी एक बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, कुटुंब राहतं. त्यांच्याकडे मुलीचं लग्न आहे आणि पत्रिका मराठीतही छापायची आहे. इंग्रजी मसुद्याच्या शेवटी एक ओळ आहे : आहेर आणू नये, त्याऐवजी ज्याला जमेल त्याने त्सदाका करावी, म्हणजे गरजूंसाठी काही द्यावं. मराठी मजकूर ताईंनी लिहून द्यायचं कबूल केलं. त्यांनी आधी ‘दान’ लिहिलं. घरातल्या आजी म्हणाल्या, “दान नको गं, ते उपकार केल्यासारखं वाटतं.” मग ‘धर्मादाय’ लिहून पाहिलं, तर तो शब्द लग्नपत्रिकेवर कचेरीतून आल्यासारखा दिसला. तेव्हा शब्द कोणता घ्यावा आणि ‘त्सदाका’चा उच्चार कसा करावा, असे दोन प्रश्न आहेत.

उच्चार आधी सांगतो, कारण तो मराठी माणसाला अगदी सोपा आहे. इंग्रजी स्पेलिंग बघून कोणी ‘ट्झेडाका’ लिहितं, कोणी ‘झेडाका’. हिब्रूतलं त्सादी हे अक्षर आज इस्राएलमध्ये जसं उच्चारतात, तो आपला दंत्य च : चाक, चूल, चोर यांतला. चहा आणि चित्र यांतला नव्हे. आपल्या लिपीत या दोन ‘च’ना वेगळी अक्षरं नाहीत, म्हणून लिहिताना ‘त्स’ करावं लागतं. बोलताना मात्र ‘चाक’मधल्या च ने सुरुवात करा, पहिला स्वर निसटता ठेवा आणि जोर शेवटच्या ‘का’वर द्या. बगदादी ज्यूंच्या परंपरेत हेच अक्षर जाडसर ‘स’सारखं उच्चारलं जातं. तसा उच्चार ऐकला की शब्दाचं नातं चटकन कळतं, कारण अरबीतला ‘सदका’ हा त्याचा सख्खा भाऊ आहे.

दोन्ही भाषांत मूळ तेच तीन व्यंजनांचं. अरबीत त्यातून सत्याचे आणि सचोटीचे शब्द निघाले. सादिक, सिद्दीकी ही आपल्या ओळखीची नावं त्यातलीच. हिब्रूत त्याच मुळापासून ‘त्सेदेक’ म्हणजे न्याय, ‘त्सद्दीक’ म्हणजे न्यायाने वागणारा सज्जन आणि ‘त्सदाका’. बायबलमध्ये अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि देवाने तो त्याची त्सदाका म्हणून धरला, असं वाक्य आहे. तिथे पैशाअडक्याचा संबंधच नाही. मराठी बायबलात त्या जागी ‘नीतिमत्त्व’ येतं. म्हणजे मूळ अर्थ न्यायाचं, योग्य ते वागणं.

मग या शब्दाला देण्याचा अर्थ कधी चिकटला? बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकात तो वळताना दिसतो. दानीएल बाबेलच्या राजाला सांगतो, की न्यायाने वागून आणि गरिबांवर दया करून आपली पापं तोडून टाक. तो भाग अरामी भाषेत आहे आणि तिथे याच मुळाचा शब्द आहे. जुन्या ग्रीक भाषांतरकारांनी तिथे सरळ ‘भिक्षादान’ या अर्थाचा शब्द वापरला. पुढे ज्यू धर्मशास्त्रकारांच्या लेखनात त्सदाका म्हटलं की गरिबाला देणं, हा अर्थ पक्का झाला.

आता आपल्याकडे बघा. रस्त्यावरचा भिकारी काय म्हणत असे? “धर्म करा, माय!” तो “दान करा” म्हणत नसे. धर्माचं जेवण, धर्मशाळा, दानधर्म. धर्माच्या गायीचे दात मोजायचे नसतात. धर्म करता कर्म उभं राहतं. या सगळ्यांत धर्म म्हणजे पूजाअर्चा नव्हे, गरजवंताला दिलेलं. ज्या शब्दाचा अर्थ ‘योग्य वागणं’, त्याच शब्दाला बोलीत ‘गरिबाला देणं’ हा अर्थ आला. हिब्रूने जो रस्ता धरला, तोच मराठीने आपला आपण धरला. क्रियापदसुद्धा जुळतं. बायबलच्या हिब्रूत त्सदाका ‘करतात’, आपण धर्म ‘करतो’. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या दिवशी फार आनंद झाला होता. केवळ अर्थाच्या मापाने तोलायचं तर त्सदाकाला मराठीत ‘धर्म’ इतका नेमका शब्द दुसरा नाही.

अडचण एवढीच, की आज पत्रिकेवर “आहेराऐवजी धर्म करावा” असं छापलं तर तरुण वाचक गोंधळेल. ‘धर्म’ म्हणजे शाळेच्या दाखल्यावरचा रकाना, हा अर्थ इतका पुढे आला आहे की जुना अर्थ म्हणी आणि जोडशब्दांपुरता उरला. वाईट वाटतं, पण पत्रिका आजच्या लोकांना वाचायची आहे.

‘दान’विषयी आजींचं म्हणणं मला पटतं, तरी तो शब्द हलका नाही. पहाटे वासुदेव टाळ-चिपळ्या वाजवत “दान पावलं” गातो, तेव्हा त्या शब्दात केवढा गोडवा असतो! पण दानाचं पुण्य देणाऱ्याच्या पदरात पडतं, हा भाव त्यात मुरलेला आहे. ग्रहणाच्या वेळची “दे दान, सुटे गिराण” ही हाक आठवा. दान दिलं की देणाऱ्यावरचं अरिष्ट टळतं. त्सदाकाही अरिष्ट टाळते असं ज्यू मानतात, “त्सदाका मृत्यूपासून सोडवते” हे बायबलच्या नीतिसूत्रांतलं वचन प्रसिद्धच आहे. तरी तिचा पाया वेगळा आहे. घेणाऱ्याचा तो हक्क आहे.

हा हक्क शेतातून आला. बायबलच्या लेवीय पुस्तकातली आज्ञा अशी : पीक कापताना शेताचे कोपरे कापू नका, खाली पडलेली कणसं उचलू नका, ती गरिबाची आणि परक्याची. मराठी बायबलमध्ये इथे ‘सरवा’ हा आपल्या शिवारातला शब्द आहे आणि बायबलमधली गरीब विधवा रूथ बवाजाच्या शेतात जाते तीही सरवा वेचायलाच. सरवा वेचणारी बाई मालकाकडे हात पसरत नाही. जे तिच्यासाठी राखलेलंच आहे, ते ती उचलते. बाराव्या शतकात मैमोनिडीज या ज्यू धर्मपंडिताने त्सदाकाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सर्वांत खालची, मनाविरुद्ध देण्याची. वरच्या पायऱ्यांपैकी एकीवर देणाऱ्याला घेणारा माहीत नाही, घेणाऱ्याला देणारा माहीत नाही. सगळ्यांत वरची मात्र गुप्तदानाची नाहीच. गरजवंताला कर्ज द्या, भागीदारीत घ्या, काम मिळवून द्या, म्हणजे त्याला पुन्हा मागायची वेळ येणार नाही. शिवाय जो स्वतः त्सदाकेवर जगतो, त्यानेही आपल्या वाट्यातून त्सदाका करायची, असं तालमूद हा ज्यू धर्मशास्त्राचा ग्रंथ सांगतो. ‘उपकार’ या शब्दाला इथे जागाच उरत नाही. आजींचा कान किती तयार आहे बघा!

म्हणून मी सुचवतो तो शब्द ‘देणं’. मराठीत देणं म्हणजे आपण जे देतो ते, आणि देणं म्हणजे आपण जे देणे लागतो तेही. देणं देतात आणि देणं फेडतातही. ‘देवाचं देणं’ म्हणताना देवाने दिलेलं असा अर्थ असतो, आणि ‘समाजाचं देणं’ म्हणताना आपल्यावर असलेलं ऋण. देणगी आणि कर्ज यांच्यामध्ये नेमका जो अर्थ त्सदाकाला हवा, तो या साध्या घरगुती शब्दात आधीपासून आहे.

हिब्रू शब्दाऐवजी मराठी शब्द वापरला तर धार्मिक भावना उणावेल का, अशी शंका ताईंनी प्रश्नाच्या शेवटी घातली आहे. तिला उत्तर बेने इस्राएलींनीच शेकडो वर्षांपूर्वी देऊन ठेवलं आहे. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शब्बाथ, म्हणजे शनिवारची धार्मिक सुट्टी, पाळणारे हे लोक, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. त्यांनी सणांना नावं दिली ती मराठी : नववर्षाचा तो ‘नव्याचा सण’, योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा दिवस तो ‘दार फळण्याचा सण’, कारण त्या दिवशी दारं लावून घरात उपासाला बसायचं. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. या शिळ्या सणाला गरिबांना दानधर्म करायचा आणि नातलगांच्या गाठीभेटी घ्यायच्या, अशी चाल होती. प्रार्थनास्थळाला ते ‘मशीद’ म्हणत. संदेष्टा एलियाहूला नवस बोलून तो फेडायचा तो ‘मलिदा’ करून : गोड केलेले पोहे, ओलं खोबरं, फळं, सुकामेवा. शब्द फारसी वळणाचा, पोहे कोकणचे, गाणं एलियाहूचं. लग्नाच्या आधीही मलिदा होतो, तेव्हा ताईंच्या शेजारीही तो होईलच.

संगीतातही तेच. 1880च्या सुमारास या समाजाने मराठी कीर्तन आपलंसं केलं. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं साकी, दिंडी, ओवीत बांधली आणि नाव ‘कीर्तन’च ठेवलं. दुसरा शब्द शोधावा असं कुणाला वाटलं नाही. ज्यांनी बायबल साकीत गायलं, त्यांच्या नातवंडांच्या पत्रिकेवर ‘देणं’ शोभेलच.

थोडं विषयांतर करतो, कारण सूर आणि देणं यांची गाठ हिब्रूत अक्षरांनीच बांधलेली आहे. अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या, ज्यूंच्या नववर्षाच्या प्रार्थनेत एक ओळ येते : पश्चात्ताप, प्रार्थना आणि त्सदाका कठोर निवाडा सौम्य करतात. अनेक प्रार्थनापुस्तकांत या तीन शब्दांच्या डोक्यावर बारीक अक्षरांत आणखी तीन शब्द छापलेले असतात : त्सोम, कोल, मामोन. म्हणजे उपास, आवाज, पैसा. हिब्रू अक्षरांना अंकमूल्यं असतात आणि या तिन्ही शब्दांची बेरीज सारखीच, 136 येते. प्रार्थनेतला आवाज आणि त्सदाकेतला पैसा एकाच वजनाचे!

कलेचं उदाहरणही बायबलमध्येच आहे. रानात देवाच्या उपासनेचा निवासमंडप उभारायचा होता तेव्हा देवाने मोशेला सांगितलं, ज्याचं मन होईल त्याने आणावं. सोनं, रुपं, पितळ, निळं-जांभळं सूत, जे असेल ते. बसालेल नावाच्या कारागिराकडे काम सोपवलं. लोकांनी इतकं आणलं की शेवटी मोशेला छावणीत दवंडी पिटावी लागली, पुरे झालं, आता आणू नका. त्या देण्याला शब्द आहे ‘तरूमा’, उचलून वेगळं काढलेलं. तो त्सदाकाहून निराळा, मनाच्या उमाळ्याचा. पत्रिकेत तो नको, पण फरक माहीत असावा. आपल्या शब्दांत तरूमा ही ‘देणगी’ आणि त्सदाका हे ‘देणं’.

पुण्याच्या वाचकांसाठी एक शेवटची नोंद. बगदादहून मुंबईत आलेल्या डेव्हिड ससून यांच्या पैशातून उभं राहिलेलं रुग्णालय 1867 साली सुरू झालं आणि त्याच वर्षी कॅम्पातलं त्यांचं सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळ, पुरं झालं. पुणेकरांनी त्याच्या विटांचा रंग बघून त्याला ‘लाल देऊळ’ म्हटलं. ‘ससून’ हे नाव हिब्रू ‘सासोन’वरून आलेलं, म्हणजे आनंद. ज्यू लग्नात नवरानवरीला जे सात आशीर्वाद गाऊन देतात, त्यांतल्या शेवटच्यात हा शब्द येतो : आनंदाचा आवाज, हर्षाचा आवाज, नवऱ्याचा आवाज, नवरीचा आवाज. ताईंच्या शेजारी खुप्पाखाली, म्हणजे नवरानवरीवरच्या छताखाली, तो ऐकू येईल तेव्हा ओळखीचा वाटेल.

तर पत्रिकेची ओळ मी अशी लिहीन : “कृपया आहेर आणू नये. त्याऐवजी मंडपातल्या त्सदाकाच्या पेटीत प्रत्येकाने आपलं देणं टाकावं.” हिब्रू शब्द एकदा येतो, त्याचा अर्थ त्याच वाक्यात उलगडतो आणि ‘आपलं’मुळे उपकाराचा वास उरत नाही. पेटीवर चिठ्ठी चिकटवणार असाल तर तिथे मोठ्या अक्षरांत ‘धर्म’ लिहा. आजींच्या पिढीला ते बरोबर कळेल.