संभाजीनगरहून एका दिवसात संत एकनाथांच्या तरुणपणाशी जोडलेली कोणती ठिकाणं पाहता येतील?

देवगिरी किल्ला आणि शूलिभंजन ही दोन बघा. पैठण त्याच दिवसात कोंबू नका. नाथांचा जन्म पैठणचा, पण घडण देवगिरीची. लहान वयातच ते घर सोडून तिथे जनार्दनस्वामींकडे गेले आणि पुढची बरीच वर्षं गुरूंजवळ राहिले. किल्ल्यावर बारादरी नावाच्या महालाच्या वरच्या बाजूला स्वामींची गुहा आहे. चढ दमवणारा आहे, म्हणून सकाळीच चढायला लागा. दुपारी खुलताबादजवळच्या शूलिभंजनला जा. गुरूंच्या सांगण्यावरून नाथांनी तप केलं ते याच डोंगरावर. वर दत्तमंदिर आहे, सूर्यकुंडही आहे, आणि पावसाळ्यात डोंगर हिरवागार असतो.

पैठण साधारण पन्नास किलोमीटर, विरुद्ध दिशेला. तिथला नाथवाडा त्यांच्या संसाराच्या काळातला आणि गोदाकाठी समाधी, म्हणून त्याला वेगळा दिवस द्या.

एक मात्र ध्यानात ठेवा: देवगिरी-शूलिभंजनची ही हकिकत मुख्यतः नाथांनंतर लिहिलेल्या चरित्रांतून आणि परंपरेतून आलेली आहे. गुरूंचं नाव मात्र नाथांनी स्वतःच ‘एका जनार्दनी’ म्हणत अभंगोअभंगी नोंदवून ठेवलंय.