‘उभयचर अवतरण नौका’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: एका तांत्रिक लेखाच्या मराठी मथळ्यात ‘नौदलासाठी उभयचर अवतरण नौकांचा विकास’ असं लिहिलं तर चालेल का? मूळ शब्द अर्थात ‘अँफिबियस लँडिंग क्राफ्ट’. माझ्या मते यातला ‘नौका’ हा एकच शब्द बिनधोक आहे.

आधी ‘उभयचर’ घेऊ. ‘चर’ म्हणजे हिंडणारा. बेडूक पाण्यात पोहतो आणि जमिनीवरही वावरतो, म्हणून तो उभयचर. बहुतेक लँडिंग क्राफ्ट मात्र जमिनीवर एक फूटही चालत नाहीत. नाळ, म्हणजे नौकेचं पुढचं टोक, वाळूला टेकवायची, माणसं किंवा गाडी उतरवायची आणि मागच्या मागे पाण्यात शिरायचं, एवढंच त्यांचं काम. उभयचर असते ती मोहीम, म्हणजे समुद्रातून येऊन जमिनीवर लढण्याची कारवाई. इंग्रजीत तेच विशेषण नौकेलाही लागलं. मराठीत ते तसंच उचललं की वाचकाला वाटतं, ही होडी वाळूवरून पुढे धावत जाणार.

हा फरक किती मोठा आहे, हे 20 नोव्हेंबर 1943 रोजी, दुसऱ्या महायुद्धात, पॅसिफिक महासागरातल्या तारावाच्या लढाईत दिसलं. तिथे अमेरिकी सैनिक जपानच्या ताब्यातल्या बेटावर उतरत होते. बेटाभोवती प्रवाळाचा उथळ कठडा होता आणि त्यावर पाणी अपेक्षेपेक्षा कमी होतं. साध्या लँडिंग क्राफ्ट कठड्यावर अडल्या आणि त्यांतल्या सैनिकांना गोळीबारात, पाण्यातून शेकडो मीटर चालत जावं लागलं. पट्ट्यांवर चालणारी एलव्हीटी वाहनं मात्र कठडा ओलांडून किनाऱ्यापर्यंत गेली. उभयचर होती ती ही वाहनं. दोघांनाही एकच विशेषण लावलं, तर त्या दिवशी इतकी माणसं का मेली हे मराठी वाचकाला कळणारच नाही. म्हणून मी या शब्दाबाबत आग्रही आहे.

‘अवतरण’ व्युत्पत्तीने बरोबर आहे, पण वाचकाला आधी अवतरणचिन्ह आठवतं, नाहीतर विमान. मी ‘उतरण नौका’ सुचवेन. उतरण म्हणजे खाली जाणारा उतार; चढण-उतरण आपण रोज म्हणतो. आणि या नौकेची खरी ओळख तिच्या तोंडाशी असलेला उतारच आहे. पुढची सपाट भिंत खालच्या बाजूला बिजागरीवर बसवलेली असते. ती सोडली की पुढे आडवी पडते, तिचं टोक वाळूवर टेकतं आणि त्यावरून सैनिक किंवा जीप थेट बाहेर पडते. तळ सपाट, आणि पुढचा भाग मागच्यापेक्षा कमी बुडणारा, कारण किनाराही उतरताच असतो. एलसीव्हीपी ही दुसऱ्या महायुद्धातली छोटी अमेरिकी उतरण नौका पुढे साधारण सव्वादोन फूट बुडे, मागे तीन फूट. मोठ्या उतरण नौका किनाऱ्याला लागण्याआधी मागे नांगर टाकतात आणि परतताना त्याचाच दोर ओढून स्वतःला वाळूतून सोडवतात.

कोणी ‘पडाव’ही सुचवेल. बोटीतून उतारूंना किनाऱ्यावर नेणाऱ्या होडीला तो शब्द होता आणि तो मला फार आवडतो. पण त्यात तो पुढचा उतार येत नाही, शिवाय आता बहुतेकांना पडाव म्हणजे मुक्काम वाटतो.

राहिला ‘विकास’. यापेक्षा ‘घडण’ किंवा ‘जडणघडण’ बरं, कारण या नौका खरोखर टप्प्याटप्प्याने घडल्या. अँड्र्यू हिगिन्स या अमेरिकी होडीबांधणाऱ्याची मूळ होडी अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याच्या दलदलीत वापरण्यासाठी होती. तिचा पंखा तळाच्या खोबणीत बसवलेला असल्यामुळे उथळ पाण्यात तो आपटत नसे. पण सैनिकांना काठावरून उड्या टाकाव्या लागत. 1937 मध्ये शांघायला व्हिक्टर क्रुलॅक या अमेरिकी मरीन अधिकाऱ्याने पुढून उघडणाऱ्या जपानी नौकांचे फोटो काढले. पुढे 1941 मध्ये हिगिन्सच्या होडीलाही तसंच तोंड बसवलं गेलं, आणि एलसीव्हीपी तयार झाली.

तेव्हा मथळा ‘नौदलासाठी उतरण नौकांची जडणघडण’ असा करावा. लेखात संदर्भ म्हणून ‘लँडिंग क्राफ्ट’ एकदा देवनागरीत द्यायला हरकत नाही. एक अपवाद मात्र सांभाळा: हवेच्या उशीवर चालणारी एलसीएसी पाण्यावरून थेट वाळूवर चढते, तिला ‘उभयचर उतरण नौका’ म्हणणं अगदी योग्य. आणि रणगाडे घेऊन महासागर ओलांडणाऱ्या एलएसटीला नौका म्हणू नका, ते ‘उतरण जहाज’.