वाचक विचारतात: भूकंपानंतर चिऱ्याचं घर

प्रश्न : आमच्या वाडीत जांभ्याच्या चिऱ्यांची जुनी कौलारू घरं आहेत. काहींच्या कोपऱ्यांतल्या भेगा सिमेंटने भरल्या, तरी पुन्हा उघडतात. १९६७च्या कोयनेसारखा भूकंप पुन्हा झाला तर ही घरं दुरुस्त करावीत की पाडावीत? (एक वाचक, चिपळूण तालुका)

उत्तर : सरसकट पाडू नका. आधी ओळंबा, म्हणजे वजन बांधलेली दोरी, लावून भिंत सरळ उभी आहे का ते पाहा. भिंत कलली असेल किंवा तिला पोट आलं असेल, तर तेवढी भिंत उतरवून नव्याने रचावी लागते. भेग बुजवून भागत नाही. भिंत ओळंब्यात असेल तर ती वाचते.

कोपऱ्यातली उभी भेग पुन्हा उघडते, कारण दोन भिंती एकमेकींना बांधलेल्याच नसतात. धक्का बसला की प्रत्येक भिंत आपल्या दिशेने हलते आणि गिलावा फाटतो. म्हणून घराला दारा-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंती एकत्र बांधणारा आडवा पट्टा हवा. उभ्या घराला तो असा द्या : गिलावा खरवडा, सांधे पाऊण इंच खोल कोरा, भेग धुऊन तिच्यात सिमेंटचं पातळ पाणी मुरवा. मग भिंतीच्या आतून-बाहेरून वेल्डेड जाळी लावून ती आरपार तारेने बांधा आणि वर १:३ सिमेंट-वाळूचा गिलावा दोन थरांत करा. जाळी कोपऱ्यावर तोडू नका. सर्वांत जास्त चूक तिथेच होते. चिरा आधी भिजवा. कोरडा जांभा मालातलं पाणी शोषतो आणि गिलावा भुसभुशीत होतो. निदान दहा दिवस पाणी मारा.

नवी भिंत असेल तर याच उंचीवर ७५ मिमी जाडीचा काँक्रीटचा पट्टा ओता. त्यात ८ मिमीच्या दोन सळ्या आणि दर १५० मिमीवर ६ मिमीची आडवी कडी. सळी कोपऱ्यावरून वळवून पुढच्या भिंतीत दीड फूट तरी न्या. आढ्याखालच्या त्रिकोणी भिंतीलाही वरून असाच पट्टा हवा, नाहीतर ती सगळ्यांत आधी बाहेर पडते. खिडकी कोपऱ्यापासून दोन फूट लांब ठेवा.

१९९३ला किल्लारीत दगड-मातीच्या जाड भिंती आणि धाब्याचं, म्हणजे सपाट छपरावरच्या मातीचं ओझं जीवघेणं ठरलं. आपलं कौलारू छप्पर त्यामानाने हलकं आहे. घर सुरक्षित करायचं म्हणून त्याच जुन्या भिंतींवर स्लॅब टाकू नका, ही कळकळीची विनंती.

प्रश्न : भूकंपग्रस्त गावात मंडळाची मुलं पाठवायची आहेत. काय न्यावं? (एक वाचक, गुहागर)

उत्तर : जुन्या कपड्यांचे गठ्ठे नकोत. ताडपत्र्या, दोऱ्या, पहारी, घमेली, हातमोजे आणि हेल्मेट न्या. कललेल्या भिंतीखाली कुणालाही जाऊ देऊ नका. ढिगारा उपसण्याआधी तलाठ्याचा पंचनामा आणि घरमालकाचे फोटो झालेले असावेत, नाहीतर भरपाई अडते. अखंड चिरे, वासे, कौलं वेगवेगळी रचा. नव्या घराचा बराच माल त्यातच असतो. गावातल्याच गवंड्यांकडून एक घर पट्ट्यासह नमुन्यादाखल बांधून घ्या आणि बाकीच्या गवंड्यांना सळी बांधताना तिथे हजर ठेवा. हे काम पावसाच्या आधी झालं नाही, तर चिखलात पाया खणता येत नाही. मग ताडपत्रीखालचा मुक्काम दिवाळीपर्यंत लांबतो.