ठाणे-नवी मुंबईत ऐकू येणाऱ्या प्रांतवार समजुतींत काही तथ्य असते का?

आपण लिहिले आहे की लातूरहून नोकरीसाठी ऐरोलीला आल्यापासून कार्यालयात आणि राहत्या इमारतीत प्रत्येक प्रांताच्या माणसाविषयी ठरलेली वाक्ये कानांवर पडतात. भैया लबाड, मद्रासी आतल्या गाठीचा, मारवाडी कंजूष, आगरी भांडखोर, घाटी अडाणी, मराठवाड्याचा मागासलेला. यांत काही तथ्य असते का, आणि महाराष्ट्रात मराठी बोलण्याचा आग्रह हाही त्याच जातीचा पूर्वग्रह मानायचा का, असे आपले दोन प्रश्न आहेत. माझी नोकरी वाशीच्या बाजार आवारात हिशेबनीस म्हणून झाली आणि मी कोपरखैरण्याला राहतो. निरनिराळ्या प्रांतांची माणसे एकमेकांविषयी काय बोलतात हे मी जवळून ऐकले आहे, त्या आधारावर उत्तर देतो.

अशा समजुती ज्या प्रांताच्या नावाने सांगितल्या जातात, त्या प्रांताविषयी त्यांतून जवळजवळ काहीच कळत नाही, असे माझे ठाम मत आहे. त्या प्रांतातून आपल्याकडे कोण आले, कोणत्या कामाला आले आणि ते काम करताना आपली व त्यांची गाठ कशी पडली, एवढेच त्यांतून कळते. दक्षिणेतून मुंबईत टंकलेखक, लघुलेखक, परिचारिका आणि हिशेब तपासनीस आले, म्हणून ‘मद्रासी’ हुशार, अबोल आणि आपल्याच माणसांना पुढे आणणारा ठरला. त्याच दक्षिणेतून, कलबुर्गी आणि महबूबनगरच्या कोरडवाहू पट्ट्यातून, नवी मुंबईच्या इमारती बांधायला मजुरांची कुटुंबे आली. त्यांची भाषा कन्नड किंवा तेलुगू असूनही त्यांना हुशार किंवा आतल्या गाठीचे म्हटलेले मी कधी ऐकले नाही, कारण ती कल्पना कचेरीत बसलेल्या माणसावरून बेतलेली आहे आणि विटा वाहणारी बाई तिच्यात बसत नाही. उडुपीकडून आलेल्या ज्या हॉटेलमालकांना आपण सरसकट मद्रासी म्हणतो, त्यांच्यातील अनेकांची घरची भाषा तुळू आहे आणि मद्रास शहराशी त्यांचा काही संबंध नाही.

या समजुतींचा संबंध खरोखर स्वभावाशी असता, तर त्यांचे लक्ष्य इतक्या सहज बदलले नसते. 19 जून 1966 रोजी शिवसेनेची स्थापना झाली तेव्हा मराठी तरुणांचा रोष दाक्षिणात्यांवर होता, कारण ज्या कारकुनीच्या जागा त्या तरुणांना हव्या होत्या, तिथे इंग्रजी आणि टंकलेखन येणारे दाक्षिणात्य बसलेले त्यांना दिसत होते. ऑक्टोबर 2008 मध्ये रेल्वे भरतीच्या परीक्षेसाठी आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मारहाण झाली, तोपर्यंत दाक्षिणात्यांविषयीचा राग लोक विसरूनही गेले होते. मधल्या चाळीस वर्षांत तमिळ किंवा मल्याळी माणसाचा स्वभाव बदललेला नव्हता. मराठी मुलगा ज्या नोकरीची आशा धरून होता, ती नोकरी बदलली होती. त्या मुलाची अडचण दोन्ही वेळा खरी होती, हेही मी तितक्याच स्पष्टपणे लिहितो. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि ज्या घरांत बापाच्या जागी मुलगा लागत असे त्या घरांना दुसरा आधार उरला नाही. उत्तर प्रदेशातून परीक्षा द्यायला आलेल्या मुलाने मात्र त्या गिरण्या बंद केल्या नव्हत्या.

बाजार आवारात हे सर्वांत चांगले दिसते. मुंबईतला घाऊक बाजार 1981 पासून टप्प्याटप्प्याने वाशीला आला आणि त्याच्याबरोबर माथाडी कामगार आले, त्यांतले पुष्कळसे सातारा जिल्ह्यातील पाटण, जावळी यांसारख्या डोंगरी तालुक्यांतले. त्यांच्याविषयी ‘घाटी माणूस उद्धट, खेकसून बोलतो’ असे शिकलेली मराठी माणसेच म्हणत. पाठीवर भरलेली गोणी असताना गर्दीतून वाट काढणाऱ्या माणसाला ओरडावेच लागते, आणि दिवसभर ओरडलेला गळा संध्याकाळी घरी आल्यावर एकदम मऊ होत नाही. याच लोकांनी अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली, 1969 चा माथाडी कायदा करून घेतला आणि ज्या हमालाला मालक ओळखही देत नव्हता त्याला भविष्य निर्वाह निधी व उपदान (ग्रॅच्युइटी) मिळवून दिले. असंघटित कामगारांसाठी इतका पुढचा विचार करणारा कायदा ज्यांनी लढून मिळवला, त्यांना अडाणी म्हणणे मला सहन होत नाही. आज कोपरखैरणे आणि घणसोलीच्या माथाडी वसाहतींत वाढलेली मुले आपल्या ऐरोलीच्या संगणक कंपन्यांत काम करतात. कदाचित आपल्या शेजारच्या खुर्चीवरही एखादा बसत असेल.

आगरी समाजाविषयी मला अधिक विस्ताराने लिहावेसे वाटते, कारण या शहरात सर्वांत जास्त अन्याय या एका समजुतीने केला आहे. नवी मुंबईत राहायला आलेला प्रत्येक जण, तो बिहारचा असो की पुण्याचा, आगरी-कोळ्यांच्या भाताच्या शेतांवर, मिठागरांवर आणि खाडीकाठावर राहतो. 1970 साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतील 95 गावांच्या जमिनी शहरासाठी घेण्याचे ठरले. मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांनी उभारलेल्या आंदोलनात 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. त्या बलिदानातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. नव्याने आलेल्या माणसाला यातले काही दिसत नाही. त्याला गावठाणातला बंगला, हळदीच्या मांडवातला मोठा आवाज आणि गळ्यातले सोने दिसते, आणि तो म्हणतो की यांना फुकटचा पैसा मिळाला. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन गेली, खाडीतली मासळी रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्याने गेली, आणि हाती आला तो एकदाच मिळणारा पैसा. त्याला फुकटचा म्हणणाऱ्याने स्वतःचे गावाकडचे शेत त्या भावात देऊन पाहावे. याच समाजाच्या कुळांनी अलिबागजवळच्या चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 पासून 1939 पर्यंत खोतांविरुद्ध संप चालवला होता. जमीन पडीक ठेवून, उपाशी राहून इतकी वर्षे एका निर्णयावर टिकलेल्या लोकांचे वंशज केवळ भांडखोर म्हणून ओळखले जावेत, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्यांच्या बोलीची नक्कल करून हसणारे बहुतेक लोक मराठीच असतात, हे आपणही पाहिले असेल.

आपल्या मराठवाड्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण ते आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा भाग निजामाच्या संस्थानात होता, राज्यकारभार उर्दूत चालत असे आणि 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू होते. ज्या मुलाला पुढे शिकायचे त्याला मातृभाषेबाहेर जाऊनच शिकावे लागे. नागपूरकर पटकन हिंदीत बोलतो म्हणून त्याच्या मराठीपणावर शंका घेतली जाते, परंतु नागपूर 1956 पर्यंत हिंदी व मराठी अशा दुभाषिक मध्य प्रांताची, पुढे मध्य प्रदेशाची, राजधानी होते, हे कोणी लक्षात घेत नाही. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर कराराने या दोन्ही भागांना समान विकासाचे आश्वासन दिले, आणि तीस वर्षांनंतर प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. पाटबंधारे, रस्ते, शिक्षण यांचा अनुशेष सरकारी कागदावर मांडलेला असताना तोच अनुशेष माणसाच्या अंगचा आळस म्हणून सांगितला जातो.

आता दुसरा प्रश्न. मराठीचा आग्रह हा पूर्वग्रह आहे, असे मी मानत नाही. राज्यघटनेच्या 343 व्या अनुच्छेदाने हिंदीला संघराज्याच्या कारभाराची भाषा ठरवले आहे. राष्ट्रभाषा म्हणून कोणत्याही भाषेचे नाव घटनेत नाही. महाराष्ट्राच्या कारभाराची भाषा 1964 च्या राजभाषा अधिनियमाने मराठी आहे. बँकेचे अर्ज हिंदी, इंग्रजी आणि राज्याची भाषा अशा तिन्ही भाषांत उपलब्ध असावेत, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. म्हणून महापालिका, बँक, रेल्वे, विमा कंपनी, मोठे रुग्णालय यांच्याकडे मराठीची मागणी करणे हा नागरिकाचा साधा हक्क आहे, आणि शेतातून थेट शहरात आलेल्या, फक्त मराठी येणाऱ्या म्हाताऱ्या बाईसाठी तो हक्क चैनीचा नसून गरजेचा आहे. एप्रिल 2025 मध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा शासन निर्णय निघाला आणि विरोधानंतर 29 जून रोजी तो मागे घेण्यात आला. त्या विरोधाला माझा पाठिंबा होता. परंतु त्याच दिवसांत मीरा रोडला एका दुकानदाराला मराठीवरून मारहाण झाली, तिला माझा पाठिंबा नाही आणि कधी असणार नाही. ज्याच्याकडे अधिकार आहे त्या संस्थेकडे भाषा मागणे आणि एकट्या माणसाला चारचौघांत गाठून त्याच्याकडून ती वदवून घेणे, या दोन गोष्टींना एकाच नावाखाली आणणारे दोन्ही बाजूंना आहेत, आणि त्यात मराठीचे नुकसान होते.

रिक्षावाल्याकडे आपण ज्या हिंदीवरून बोट दाखवतो, तीही अनेकदा त्याची घरची भाषा नसते. 2011 च्या जनगणनेत 5 कोटींहून अधिक लोकांनी भोजपुरी ही मातृभाषा नोंदवली आणि त्या सर्वांची गणना हिंदीत झाली. जौनपूरचा चालक आणि लातूरचा प्रवासी ठाणे स्थानकाबाहेर बोलतात, तेव्हा दोघेही आपापले घर सोडून तिसऱ्याच भाषेत बोलत असतात. असा माणूस मराठी शिकतो तो कामाच्या गरजेने. नौपाड्यातल्या कच्छी किराणा दुकानदारांचे मराठी ऐकून पाहा; गिऱ्हाईक मराठी होते आणि ते मराठीतच मागत होते, म्हणून दुकानदारांना मराठी बोलता आले. बाजारात धान्याच्या गुजराती व्यापाऱ्यांनाही माथाड्यांच्या टोळीशी मराठीत बोलावे लागे. आपल्या इमारतीच्या पहारेकऱ्याशी पहिले वाक्य आपणच हिंदीत बोललो, तर त्याने मराठी कुठे ऐकावी? मोडकीतोडकी मराठी बोलणाऱ्याला हसून गप्प करणे हे तर त्याहून वाईट, आणि ते आपल्याकडे सर्रास चालते.

कार्यालयात अशी वाक्ये कानांवर आली तर वाद घालण्यापेक्षा बोलणाऱ्याला एवढेच विचारावे की त्याच्या पाहण्यातली त्या प्रांताची माणसे कोणते काम करतात. माझा अनुभव असा की या प्रश्नावर माणूस थांबतो आणि मग एखाद्या खऱ्या माणसाविषयी बोलू लागतो. आपली लातूरची बोली पुणेरी वळणावर नेण्याचा प्रयत्न करू नये, आणि पहारेकरी, रिक्षावाला, भाजीवाला यांच्याशी सावकाश व सोप्या मराठीत सुरुवात करावी. ऐरोलीतल्या आपल्या बँकेत मराठी अर्ज मागावा. मिळाला नाही तर शाखाधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी, ती मराठीत लिहावी आणि पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नये.